गुडघा वाजतो तेव्हा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गुडघ्याची वाटी बदलल्यानंतर तू पहिल्यांदाच विमानाने निघतोयस हे वाचून बरं वाटलं. सिक्युरिटीत काही त्रास होत नाही ना, असं विचारलं आहेस. होतो. पण तू ज्याला घाबरतोयस त्याचा नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रांगेत माझ्यापुढे एक पोरगा होता. त्याने चालता चालता बूट काढले, लॅपटॉप ट्रेमध्ये टाकला, खिसे रिकामे केले आणि मी बक्कल चाचपतोय तोवर पलीकडे गेलासुद्धा. मागून कुणीतरी सुस्कारा सोडला. कानात यंत्र असलं की सुस्कारे फार स्वच्छ ऐकू येतात बरं का.

बूट काढायला वाकावं तर टेकायला काही नाही. खुर्च्या सगळ्या पलीकडे, तपासणी संपल्यावर. शेजारी हात ठेवण्यासारखी एकच वस्तू, ती म्हणजे सरकता पट्टा! कसाबसा एका पायावर उभा राहून बूट काढले. ट्रेमध्ये माझं काय काय पडलं होतं ते सांगतो: काठी, कमरेचा पट्टा, घड्याळ, नाण्यांचा बटवा आणि गोळ्यांचा डबा, वारांप्रमाणे कप्पे असलेला. सगळं उघड्यावर. आपल्याला काय काय झालंय ते मागच्या दहा माणसांनी वाचून घ्यावं, असं.

मग मेटल डिटेक्टरच्या दारातून गेलो आणि गुडघा वाजला. त्यात आश्चर्य नाही. त्या चौकटीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं. त्यामुळे धातूत बारीकसा वीजप्रवाह उठतो आणि यंत्र तो पकडतं. आपल्या गुडघ्यातलं कोबाल्ट-क्रोम असो की टायटॅनियम, दोन्ही त्याला सापडू शकतात. गुडघ्यात धातू असल्याचं डॉक्टरांचं कार्ड दाखवलं. तपासणी करणाऱ्याने ते नीट वाचलं, परत दिलं आणि म्हणाला, "बाजूला या." मला राग आला, पण खरं सांगू, त्याचं बरोबर होतं. तसलं कार्ड कुणीही छापून आणेल.

बाजूला स्कॅनरची काचेची खोली. "पाय फाकवा, हात डोक्यावर." उजवा खांदा आखडलेला, तो कानाच्या वर जात नाही. शिवाय आजारपणात वजन उतरलंय आणि पट्टा तर ट्रेमध्ये. म्हणजे एक हात वर जाईना आणि दुसरा पँट सोडेना. "दोन्ही हात, आजोबा." आजोबा! आधी सांगितलं असतं तर हातानेच तपासलं असतं, असं तो नंतर म्हणाला. तू आधीच सांग. आणि त्या स्कॅनरला घाबरू नकोस. त्यात मिलिमीटर लहरी, म्हणजे एक प्रकारच्या रेडिओलहरी असतात, क्ष-किरण नव्हेत. पडद्यावरही आपला देह दिसत नाही, नुसती एक बाहुली दिसते आणि शंकेच्या जागी चौकोन.

नियमांवर माझा राग नाही. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटातली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला, तिथून बूट काढणं सुरू झालं. ऑगस्ट २००६ मध्ये पेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा लंडनमधला कट उघडकीस आला, त्यानंतर हातातल्या सामानात बहुतेक ठिकाणी बाटली १०० मिलिलिटरची झाली. अमेरिकेत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना बुटाची सूट होती. ती मिळायला मला चार वर्षं उरली होती, तेवढ्यात जुलै २०२५ मध्ये त्यांनी बूट काढायचा नियम सगळ्यांसाठीच काढून टाकला. म्हातारपणाचा एक तरी मान पदरात पडेल म्हटलं, तोही गेला. इतर ठिकाणी मात्र अजून जिथे जसं यंत्र, तिथे तसा नियम.

राग कशाचा, तर घाईचा. आणि त्याहून व्हीलचेअरचा. परतीच्या वेळी मुलीने हट्टाने खुर्ची मागवली. रांग चुकली हे खरं. पण खुर्चीत बसलो आणि माझ्याशी बोलणंच बंद झालं. "यांना उभं राहता येतं का?" हे मुलीला. "यांच्या खिशात काही आहे का?" तेही तिलाच. मी मध्येच म्हणालो, "रुमाल आहे." दोघं अशी दचकली, जणू बॅगच बोलली! मग मुलीची तपासणी होईपर्यंत माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी केली. खुर्ची वाईट नाही, लांबच्या गेटसाठी जरूर घे. फक्त पहिलं वाक्य तू बोल, मग पुढचे प्रश्न तुलाच विचारतात.

वहिनींना पेसमेकर आहे, तर त्यांनी रांगेतच सांगावं. दारातून नेहमीच्या चालीने जावं, चौकटीला टेकून थांबू नये आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नये. पातळ औषधं १०० मिलिलिटरपेक्षा जास्त असली तरी बहुतेक ठिकाणी चालतात, मात्र चिठ्ठीसकट वेगळी काढून दाखवायची. हाताला क्रीम चोळून जाऊ नकोस. स्फोटकांचा अंश शोधायला माझ्या तळव्यावरून त्यांनी फडक्याची पट्टी फिरवली आणि यंत्र ओरडलं. क्रीममधल्या ग्लिसरीनने कधी कधी तसं होतं म्हणे. पंधरा मिनिटं मी संशयित होतो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला इतकं धोकादायक समजलं, हिला अजून हसू आवरत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी फोन कर. आणि इलॅस्टिकची पँट घाल, आतापासून सांगून ठेवतो.

तुझाच,
एक गुडघा टायटॅनियमचा असलेला