फ्लोरिडातील पाइनची राने आणि आग

महोदय,

अमेरिकेतील वणव्यांच्या बातम्या वाचून जंगलातील प्रत्येक आग म्हणजे हानीच, असा समज होणे स्वाभाविक आहे. फ्लोरिडातील ‘पाइन फ्लॅटवुड्स’ या सखल, रेताड रानांबाबत मात्र तो खरा नाही, आणि तिथे पायी भटकंतीसाठी जाणाऱ्या मराठी पर्यटकांना हे आधीच ठाऊक असावे, म्हणून हे पत्र.

लाँगलीफ पाइनचे रोप पहिली काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखे जमिनीलगत राहते आणि त्याचा कोंब लांब, सुईसारख्या पानांच्या दाट आवरणात असल्याने जमिनीवरून सरकत जाणाऱ्या आगीतून बहुधा वाचतो. वायरग्रास हे तिथले गवत तर वाढीच्या हंगामात जळल्यानंतरच भरभरून फुलते. आग थोपवली की सॉ पाल्मेटोसारखी झुडपे माजतात, रोपांना ऊन मिळत नाही आणि साठलेल्या पालापाचोळ्यामुळे पुढची आग मोठ्या झाडांनाही सोडत नाही. म्हणूनच वनकर्मचारी काही वर्षांच्या अंतराने स्वतः नियंत्रित आग लावतात. फ्लोरिडाने १९९० मध्ये त्यासाठी कायदाही केला. अमेरिकेच्या आग्नेय भागात एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेली लाँगलीफची राने विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम ३० लाख एकर उरली होती. त्यामागे वृक्षतोड आणि शेती होतीच, पण आग दडपण्याचे धोरणही होते. तेव्हा काळवंडलेले बुंधे पाहून हळहळू नये, आणि आगीसाठी पायवाट बंद ठेवली असेल तर तक्रार न करता मागे फिरावे.

या रानांत ‘प्रिमिटिव्ह कॅम्पिंग’ करणाऱ्यांसाठीही काही सूचना. प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणजे नळ, वीज, शौचालय यांपैकी काहीही नसलेल्या जागी केलेला मुक्काम. पाणी पाठीवर न्यावे लागते आणि कचरा परत आणावा लागतो. जमिनीखालच्या घट्ट थरामुळे पावसाळ्यात वाटांवर पाणी साचते, विजा व डासांचाही त्रास असतो. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. तो शिकारीचाही हंगाम असल्याने जिथे शिकारीस परवानगी आहे, तिथे भडक नारिंगी जाकीट घालावे. अस्वलांच्या भागात अन्न तंबूत ठेवू नये.

तंबू गोफर कासवाच्या बिळापाशी कदापि लावू नये, कारण त्या बिळांचा आसरा साडेतीनशेहून अधिक प्रकारचे जीव घेतात. स्वयंपाकाला शेकोटीऐवजी छोटा गॅस स्टोव्ह न्यावा. वनकर्मचारी वारा, आर्द्रता पाहून आणि जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) आखून आग लावतात. मुक्कामाच्या शेकोटीतून उडालेल्या ठिणगीवर असे कोणतेच बंधन नसते.

आपल्या पर्यटन पुरवणीत फ्लोरिडाविषयी लिहिताना ही माहितीही द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक