मदरबोर्ड गेला म्हणण्याआधी फॅन तरी उघडून बघा

संपादक साहेब, नमस्कार,

आमच्या अकोल्यात उन्हाळ्यात पारा 44-45 ला जातो आणि दर वर्षी याच दिवसांत लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत गर्दी होते, त्याबद्दल लिहितेय, लांबलं तरी छापा कारण कुणाचे तरी पैसे वाचतील.

मी घरून टायपिंग आणि डीटीपीची कामं करते. एप्रिलमध्ये माझा पाच वर्षं जुना लॅपटॉप मधेच बंद पडायला लागला, ना मेसेज ना एररची निळी स्क्रीन, चालता चालता खटकन अंधार. एका अहवालाची 22 पानं मी दोनदा टाइप केली. दुकानात नेला तर न उघडताच सांगितलं, मॅडम मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय, 14 हजार लागतील नाहीतर नवीन घ्या. माझी दोन महिन्यांची कमाई आहे हो ती! रात्रभर झोप नाही लागली.

मग पॉलिटेक्निकला असलेल्या भाच्याला फोन केला. त्याने आधी एवढंच सांगितलं, मावशी, बंद नेमका कधी पडतो ते वहीत लिहून ठेव. मी दोन दिवस लिहिलं. सकाळी सहाला दीड तास चालला, दुपारी दोनला पंधरा मिनिटांत गेला, लगेच चालू केला तर पाच मिनिटंही टिकेना, आणि अर्धा तास तसाच ठेवला की परत चालायचा. वही बघूनच तो म्हणाला हा तापतोय. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू असलेली चिप, 100 डिग्रीच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी गरमी उतरली नाही तर जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. हे मला त्या दुकानात कुणी सांगितलंच नव्हतं.

तरी त्याने बाकीचं पण तपासलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज आपल्या घडामोडी टिपून ठेवतं तिथे, कर्नल-पॉवर 41 अशी नोंद होती, लोक ती बघून घाबरतात पण तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, का झालं ते ती सांगत नाही. पॉवरसीएफजी या विंडोजमधल्याच कमांडने बॅटरी रिपोर्ट काढला, त्यात नवीन असतानाची आणि आताची फुल चार्जची क्षमता दोन्ही दिसतात, बॅटरी थकलीय खरी पण चार्जर लावलेला असतानाही बंद पडत होता म्हणून ती सुटली. शेवटी बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर नुसता सोडून दिला, तिथेही गेला, म्हणजे विंडोजचा दोष नाही, उगाच फॉरमॅट मारायची गरज नव्हती.

मग मागचं कव्हर उघडून आधी बॅटरीचं कनेक्टर काढलं आणि बघतो तर काय, फॅन आणि हवा बाहेर जायच्या बारीक जाळीच्या मधे धुळीची अक्षरशः गादी! प्रोसेसरची गरमी बाहेर वाहून नेण्यासाठी त्यावर लावलेली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ब्रशने साफ केलं, ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवलं कारण तो वाऱ्याने गरगर फिरला तर बेअरिंग खराब होतं, नवीन पेस्ट लावली. सगळा खर्च 350 रुपये. त्याला आता तीन आठवडे झाले, भर दुपारीही एकदासुद्धा बंद पडला नाही.

चूक माझीही होती, मी गादीवर ठेवून काम करायचे, त्याने खालची हवेची जाळी झाकली जाते. आणि एक, टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचं कव्हर फुगलं असेल तर बॅटरी फुगलीय, तेव्हा चार्जिंग लगेच बंद करा, दाबू नका, टोचू नका, घरी उघडूच नका, ते काम जाणकारानेच करायचं, बॅटरीला आग लागू शकते.

दुकानदारांना माझं म्हणणं आहे की मशीन गिऱ्हाईकासमोर उघडा, धूळ, पेस्ट, बॅटरी दाखवा आणि मगच मदरबोर्डचा आकडा सांगा. वाचकांनीही एवढा मोठा खर्च सांगितला तर कारण लेखी मागा, दुसऱ्या दुकानात दाखवा, फसवणूक वाटली तर 1915 ही सरकारची ग्राहक हेल्पलाइन आहे. आपल्याकडच्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयवाल्यांनी दर मार्च महिन्यात दोन दिवस लॅपटॉप सफाईचं शिबिर घेतलं तर मी स्वतः येऊन नावं लिहून घ्यायला बसेन.

एक वाचक, अकोला