लाल पेन बाजूला ठेवून वाचावे

रविवार, रात्रीचे साडेअकरा

तीर्थरूप बाबांस आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी एक विनंती. हातातलं लाल पेन टेबलावर ठेवा. टोपण लावून. हे पत्र आहे, प्रूफ नाही. आई, शक्यतो तूच मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे त्यांना वेलांट्या दिसायच्याच नाहीत.

मी बरी आहे. अभ्यास चाललाय, झोप होते. लेखन कसं चाललंय हे तुम्ही दर फोनला विचारता आणि मी दर फोनला विषय बदलते, म्हणून आज लिहूनच टाकते. कथेचं पहिलं वाक्य तयार आहे: 'दार वाजलं.' सोळा दिवस तेवढंच तयार होतं. मधे ते 'दारावर थाप पडली' झालं, मग 'कुणीतरी दार वाजवत होतं', मग दोन दिवस दार की दरवाजा यात गेले. परवापासून पुन्हा 'दार वाजलं'. बाहेर जो कोणी उभा होता त्याचं नावसुद्धा ठरत नव्हतं, आत घेणं तर लांबच.

याचं खापर मी तुमच्यावर फोडणार आहे, बाबा. मुलीला हंसपद, म्हणजे राहिलेलं अक्षर घालायची खूण, कुठे द्यायचं हे आठव्या वर्षी शिकवलं की पुढे असंच होतं. आणि ते उलटं वाचणं! पानाच्या शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे यायचं, कारण अर्थाच्या नादी लागलं की चूक दिसत नाही. मुद्रितशोधकाला हे शोभतं. मी माझं वाक्य उलटं वाचलं तर 'वाजलं दार' असं निघालं आणि तेच जास्त बरं वाटायला लागलं. त्यात आणखी चार दिवस गेले.

सवय फक्त स्वतःच्या लिखाणापुरती असती तरी चाललं असतं. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने रडत रडत फोन केला, तिच्या मित्राने नातं तोडल्याचा मेसेज मला पाठवला आणि विचारलं, 'बघ, काय वाटतं तुला?' मी म्हटलं, 'राहील'मधला 'ही' दीर्घ हवा, याने 'तुझी आठवण येत राहिल' असं लिहिलंय. ती तीन दिवस बोलली नाही. आई, मला माहीत आहे तू काय म्हणशील. मी माफी मागितली आहे. (पण 'राहिल' लिहिणाऱ्या माणसासाठी किती रडायचं, हाही मुद्दा आहेच.)

आमच्या इमारतीच्या लिफ्टमधल्या सूचनेत एक अपॉस्ट्रॉफी भलतीकडे होता. मी पेनाने तो हलवला. दुसऱ्या दिवशी नवीन कागद: अपॉस्ट्रॉफी जागेवर, पण एका शब्दात दोन ऐवजी तीन 'एल'. एकूण चार कागद झाले. कुणीतरी मुद्दाम करतंय असा मला संशय आहे, आणि खरं सांगायचं तर इथे माझं लिखाण नियमाने वाचणारा तोच एक वाचक आहे.

पुस्तकांची खुशाली: मोल्सवर्थ, आपला मराठी-इंग्रजी शब्दकोश, मजेत. सामानाची मर्यादा २३ किलो, त्यात तो मावेना म्हणून पाठीवरच्या पिशवीत आणला होता, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. विमानतळावर एक्स-रेच्या पडद्यावर तो नुसता एक काळा ठोकळा दिसला. अधिकाऱ्याने पिशवी उघडायला लावली. शब्द मराठी पण अर्थ इंग्रजीत, त्यामुळे त्याला वाचता आलं, आणि तो वाचत बसला. एक पान, मग दुसरं. मागे रांग खोळंबलेली. शेवटी त्याने विचारलं, हे कधीचं? मी म्हटलं, पहिली आवृत्ती १८३१, ही १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीवरून छापलेली. त्याने इतक्या अदबीने परत दिला की माझ्या पासपोर्टलाही तो मान मिळाला नाही. बाकी, खुर्चीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली एक कवितासंग्रह गेलाय. जाडी अगदी बेताची. कवीला कळवलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. इथल्या ग्रंथालयात मराठी साहित्याचा पत्ता ८९१.४६. मेल्विल ड्यूई नावाच्या गृहस्थांनी १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा भाग केले, त्यात दशांशचिन्हापुढच्या दोन अंकांवर आपलं बिऱ्हाड. एका बाजूला गुजराती ८९१.४७ आणि दुसरीकडे थोडं पुढे हिंदी ८९१.४३. हे ड्यूई स्पेलिंग सुधारायच्या इतके मागे लागले होते की त्यांनी स्वतःच्या नावातली शेवटची अक्षरं कापून टाकली आणि काही काळ आडनावही तीन अक्षरांत बसवलं. बाबा, तुमचं त्यांच्याशी अजिबात जमलं नसतं. किंवा फारच जमलं असतं.

मराठी पुस्तकं दीड फळी आहेत. त्यातली एक जुनी कादंबरी आणली. तिसऱ्याच प्रकरणात कुणीतरी पेन्सिलीने 'परीक्षा'तली दुसरी वेलांटी खोडून समासात ठसठशीत 'रि' लिहिलेला. अकरा ठिकाणी! आई, तुझ्यासाठी सांगते: शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर असला की त्याच्या आधीचा इकार ऱ्हस्व, म्हणून किडा, विळा. पण परीक्षा संस्कृतातून जशीच्या तशी आलेली, परि अधिक ईक्षा, तिला हा नियम नाही. म्हणजे या माणसाने नियम अर्धाच पाठ केला आणि पेन्सिल मात्र पूर्ण टोकदार केली.

मी खोडरबर घेऊन ग्रंथालयातच बसले. सात झाल्या होत्या, तेवढ्यात ग्रंथपालबाई मागे येऊन उभ्या. काय करताय? म्हटलं, चूक खोडतेय. कुणाची? म्हटलं, ज्याने बरोबर शब्द चुकीचा ठरवला त्याची. त्यांना मराठीतलं अक्षर कळत नाही. तरी चष्मा लावून दोन्ही वेलांट्या पाहिल्या, दोघींतला फरक विचारला, नीट ऐकून घेतला. मग म्हणाल्या, वाचकाने लिहायचंही नाही आणि पुसायचंही नाही. पुस्तक जप्त. चार परीक्षा अजून ऱ्हस्वच आहेत.

जप्तीपूर्वी त्यांनी पुस्तक चाळलं तेव्हा शेवटच्या पानांत आणखी एक खूण दिसली. छापलेलं 'आर्शीवाद', रफार नेमका खोडलेला, समासात 'आशीर्वाद'. हंसपद तुम्ही देता तसंच, तिरकं नाही, सरळ. ते पान मी दोनदा वाचलं होतं, बाबा. मुलगी घरी परत येते तो प्रसंग होता, आणि मी अर्थाच्या नादी लागले होते.

त्या रात्री कथा पुढे सरकली. दीड पान झालं. दारातला माणूस आत आला, बसला, पाणी मागितलं. मी काही मागे जाऊन वाचलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला पाठवणारही नाही एवढ्यात.

आई, मोल्सवर्थ नेल्याबद्दल बाबा रागावले तर तूच बघ.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, पेन उचललंच असेल तर खुणा करून पत्राचा फोटो पाठवा. 'शिरसाष्टांग' मी तपासून लिहिलंय, तिथे वेळ घालवू नका.