अ‍ॅनालॉग लाइन तोडण्याआधी तिच्यावरची यंत्रं तपासा

माननीय दूरसंचार मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

अ‍ॅनालॉग टेलिफोन लाइन बंद करून सगळं डिजिटल करायला माझा विरोध नाही. फोन पूर्वीसारखाच चालेल, असं ग्राहकांना सांगितलं जातं. माणसांच्या बोलण्यापुरतं ते खरंही आहे. पण त्याच लाइनवर फॅक्स, अलार्म, मोडेम अशी यंत्रंही बोलतात, आणि त्यांचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

अ‍ॅनालॉग लाइन आवाजासाठी बांधलेली आहे, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात. मोडेम कॉम्प्युटरची माहिती आवाजात बदलतो. डिजिटल एक्स्चेंज तोच आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतं, दर मोजणीला ८ बिट लावतं आणि त्याचे पुन्हा आकडे करतं. वाट सेकंदाला ६४ किलोबिटची, पण या उलटसुलट रूपांतरात मोडेमच्या पदरात जेमतेम ३३.६ पडतात. १९९८ च्या व्ही.९० मानकाच्या मोडेमने एका टोकाचं रूपांतर वाचवलं, म्हणून डाउनलोड ५६ च्या आसपास गेलं. आयएसडीएन या घरापर्यंतच्या डिजिटल फोन सेवेने तर त्याच तांब्याच्या जोडीवरून ६४-६४ चे दोन चॅनल दिले. म्हणजे डिजिटल लाइन सरसच, पण कॉम्प्युटर तिला थेट जोडला तर.

आता मात्र जुना मोडेम अ‍ॅडॅप्टर (जुनं यंत्र इंटरनेट फोनला जोडणारी डबी) लावून इंटरनेटवरच्या फोनला जोडला जातो. हा अ‍ॅडॅप्टर कानासाठी बनवलेला आहे. आवाजाचं २० मिलिसेकंदांचं एखादं पॅकेट हरवलं, तर तो तिथे मिळताजुळता आवाज भरतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मोडेमसाठी मात्र तो भरलेला आवाज म्हणजे चुकीचा डेटा. मोडेम पुन्हा जुळवून घेऊ पाहतो, नाहीतर लाइन सुटते. त्यात आवाज दाबून, म्हणजे कमी डेटात बसवून, पाठवला जात असेल, तर कनेक्शन लागणंच कठीण.

वीज गेल्यावरचा प्रश्न याहून गंभीर आहे. जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्ट मिळतात. अ‍ॅडॅप्टर आणि राउटर घरच्या विजेवर चालतात. दिवे जाऊन लिफ्ट अडकली, की आतला आपत्कालीन फोनही नेमका तेव्हाच बंद.

म्हणून मागणी एवढीच. कुठलीही लाइन तोडण्याआधी तिच्यावर अलार्म, लिफ्टचा फोन, फॅक्स किंवा मोडेम आहे का, हे कंपनीने लेखी विचारावं. असेल तर नव्या लाइनवरून खरा कॉल लावून आणि वीज बंद करून चाचणी घ्यावी. वीज गेल्यावर अ‍ॅडॅप्टर आणि राउटर चालू ठेवणाऱ्या बॅटरीचा खर्च ग्राहकावर टाकू नये. आणि चाचणी यशस्वी होईपर्यंत जुनी लाइन चालू ठेवण्याचं बंधन आपण नियमातच घालावं.

आपला नम्र,
टेलिफोन लाइनवर काम करणारा एक तंत्रज्ञ