रिपोर्टखाली पेनाने लिहिलेल्या ओळी

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न.

आईच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ९ लाखांवर होत्या; नॉर्मल साडेचार लाखांपर्यंत. तुमच्या लॅबमध्ये येण्याआधी कुणी ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून अँटिबायोटिक दिलं, कुणी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) न बघताच लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. इन्फेक्शन, सूज, लोहाची कमतरता यांनी प्लेटलेट वाढतात आणि बहुतेकांत कारण तेच निघतं, हे मान्य. पण महिनोन्‌महिने आकडा उतरत नसताना कुणालाच प्रश्न पडू नये?

तुम्ही मशीनचा आकडा छापून मोकळ्या झाला नाहीत. तांबड्या पेशींचे तुकडेही मशीन कधीकधी प्लेटलेट म्हणून मोजतं, म्हणून स्लाइड स्वतः पाहिलीत. आणि रिपोर्टच्या तळाशी निळ्या पेनाने लिहिलंत: ‘प्लेटलेट खरंच जास्त, काही खूप मोठ्या. फेरिटिन आणि सीआरपी एकत्र करा. दोन्ही नॉर्मल असल्यास रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.’ एकत्र का, तेही काउंटरपाशी उभं राहून सांगितलंत: सूज असली की (ती सीआरपीवरून कळते) फेरिटिन वाढतं आणि लोहाची कमतरता झाकली जाते. इतकं कुणीच सांगितलं नव्हतं हो!

रक्तातलं पोटॅशियम जास्त, ५.९ दिसल्यापासून आईची केळी, नारळपाणी, टोमॅटो सगळं बंद होतं. पण साध्या नळीत रक्त गोठताना प्लेटलेटमधलं पोटॅशियम बाहेर पडतं. इतक्या प्लेटलेट असल्या की आकडा खोटाच फुगतो. तुम्ही हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) हिरव्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलंत, ४.४ आलं. त्याचे पैसेही घेतले नाहीत.

पुढे रक्तविकारतज्ज्ञांनी सांगितलेली जॅक-टू ही जनुकाची तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा ‘मग काही नाही’ म्हणणारेही भेटले. पण आईला निघालेल्या आजारात ती साधारण ५० ते ६० टक्के रुग्णांतच पॉझिटिव्ह येते. नंतर कॅलआर आणि एमपीएल ही जनुकंही पाहायची असतात. आईच्या कॅलआरमध्ये दोष सापडला. बीसीआर-एबीएल ही जनुकतपासणी निगेटिव्ह आल्याने सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) बाद झाला, बोन मॅरोत (अस्थिमज्जेत) फायब्रोसिस, म्हणजे तंतू साचणं, नव्हता. निदान ठरलं: इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया, म्हणजे बोन मॅरोतच प्लेटलेट जास्त बनण्याचा रक्तविकार. साठी उलटल्यामुळे गुठळीचा धोका जास्त, म्हणून प्लेटलेट कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया आणि कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू आहे. प्लेटलेट १० लाखांपुढे गेल्या तर मात्र अ‍ॅस्पिरिनआधी व्हॉन विलेब्रँड (रक्तस्राव थांबवायला लागणारं प्रथिन) तपासायचं, कारण तेव्हा गुठळीऐवजी रक्तस्रावच होऊ शकतो.

ज्या पेशंटला आपण पुन्हा भेटणारही नाही, त्याच्यासाठी दोन ओळी जास्त लिहिणारी तुमच्यासारखी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं. मॅडम, मनापासून आभार. तो रिपोर्ट आईच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय. नव्या डॉक्टरांना आम्ही आधी तोच दाखवतो.

आपली नम्र,
एका पेशंटची मुलगी