'खरं डोकं' कुठे लागतं?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "टीममध्ये नवीन मुलगी आलीय, पण फ्रंटएंडवाली. खरं डोकं बॅकएंडला लागतं." म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारं पान बनवणारी ती हलकी, आणि पडद्यामागचं काम सांभाळणारे तुम्ही हुशार. तेव्हा माझी मीटिंग सुरू होत होती, म्हणून आता लिहिते.

ही उतरंड तुमच्या धंद्यात पहिल्यापासून आहे, फक्त तेव्हा तुमचं प्रोग्रॅमिंगच खालच्या पायरीवर होतं. दुसऱ्या महायुद्धात फिलाडेल्फियाला एनिअ‍ॅक नावाचं अवाढव्य संगणकयंत्र बांधायला घेतलं. तोफगोळ्याच्या मार्गाचं जे गणित हाताने करायला तीसेक तास लागत, ते हे यंत्र काही सेकंदांत सोडवी. यंत्र बांधणं ही मानाची, पुरुषांची विद्या. त्याच्याकडून गणित कसं करून घ्यायचं, म्हणजे आजचं प्रोग्रॅमिंग, ही मात्र कारकुनी. म्हणून ती सहा बायकांकडे सोपवली. सुरुवातीला त्यांना यंत्राजवळ जायचीही परवानगी नव्हती. नुसते आराखडे वाचून शिकल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचं जे प्रात्यक्षिक गाजलं, त्याचा प्रोग्रॅम जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांचा. रात्री जंगी मेजवानी झाली. या बायकांना आमंत्रणच नव्हतं!

पुढे प्रोग्रॅमिंगला पैसा आणि मान आला, तसे त्यात पुरुषही आले. १९६२ साली ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी घरून काम करणाऱ्या बायकांना घेऊन सॉफ्टवेअर कंपनी काढली. धंद्याच्या पत्रांना कुणी दाद देईना, तेव्हा त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. मग उत्तरं येऊ लागली.

मी इतकी वर्षं टेस्टिंग करतेय, म्हणजे इतरांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतेय. "डेव्हलपमेंट जमलं नाही का?" असं लोक मला सरळ विचारतात. (तुझे बाबाही टेस्टिंगमध्येच आहेत, पण ते 'क्वालिटीतले मोठे साहेब'.) रिलीजच्या आदल्या रात्री बग निघाला, की हेच लोक माझ्या डेस्कभोवती गोळा होतात.

तर, मीटिंगचे मिनिट्स दर वेळी त्याच मुलीच्या गळ्यात पडत असतील, तर पुढच्या वेळी तू लिही. तिचा मुद्दा दुसऱ्याने स्वतःचा म्हणून मांडला, तर तिथल्या तिथे तिचं नाव घे. नंतर चहाला गेल्यावर नको, त्याचा तिला उपयोग नाही. आणि तिने केलेलं पान एकदा स्वस्तातल्या फोनवर, रेंज जेमतेम असताना उघड. तुझ्या बॅकएंडचं उत्तर येईपर्यंत वापरणाऱ्याला तिनेच धरून ठेवलेलं असतं.

दिवाळीचं तिकीट काढ, वेटिंग वाढतंय.

तुझी,
आई