रेमडेसिविरची चिठ्ठी कोणी थांबवायची होती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनाकाळातल्या सरकारी कारभारावर दोन्ही बाजूंची चर्चा आपण कालच्या अंकात पानभर छापली. दुकान उघडायच्या आधी ती वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. एका प्रवक्त्यांचे म्हणणे, केंद्राने महाराष्ट्राला रेमडेसिविर हे कोरोनावरचे इंजेक्शन पुरेसे दिले नाही. दुसऱ्यांचे म्हणणे, जेवढे दिले तेवढेही राज्याला धड वाटता आले नाही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे एका मुद्द्यावर मात्र एक आहेत: इंजेक्शन मिळाले असते तर माणसे वाचली असती. मधल्या चौकटीत आपल्या प्रतिनिधीने वर एक वाक्य ठोकून दिले आहे की औषध दुकानदारांनी साठा दाबून ठेवला. मी कोथरूडमध्ये मेडिकल चालवतो. एप्रिल 2021 मध्ये मी रोज काउंटरला उभा होतो, म्हणून हे पत्र.

आधी त्या चौकटीबद्दल. रेमडेसिविर शिरेतून द्यायचे, तेही दाखल असलेल्या रुग्णाला. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, आणि तिथून बहुतेक करून रुग्णालयांच्या आवारातल्या दुकानांत, असा त्याचा रस्ता. माझ्यासारख्या गल्लीतल्या दुकानात ते येतच नव्हते, मग दाबायचे काय? काळाबाजार झाला, हे मी नाकारत नाही. बारामतीत तर रिकाम्या कुप्यांमध्ये पॅरासिटामॉल भरून विकणारी टोळी पोलिसांनी त्याच महिन्यात पकडली. ज्यांनी असले धंदे केले त्यांच्यावर खटले चालवा, त्यांची नावे मोठ्या टाइपात छापा. पण एका ओळीत सगळ्या व्यवसायाला चोर ठरवून मोकळे होऊ नका. आमच्या पेशातली कितीतरी माणसे त्या दिवसांत काउंटरवरच आजारी पडली आणि परत आली नाहीत.

आता मुख्य मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेने तीसेक देशांतल्या अकरा हजारांहून जास्त रुग्णांवर चार औषधांची चाचणी घेतली होती, त्यात रेमडेसिविर होते. ऑक्टोबर 2020 मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले. दाखल रुग्णांच्या मृत्यूंमध्ये या इंजेक्शनाने म्हणावा असा फरक पडला नव्हता. 20 नोव्हेंबर 2020 ला संघटनेने सांगितले की दाखल रुग्णांना, आजार कितीही तीव्र असला तरी, हे औषध देण्याची शिफारस आम्ही करत नाही. आधीच्या एका अमेरिकी चाचणीत रुग्ण बरे व्हायला लागणारे दिवस पंधरावरून दहावर आले होते, तेवढा फायदा हिशेबात धरायला हवा. पुढे 2022 मध्ये संघटनेनेही आपला सल्ला बदलला आणि ठरावीक रुग्णांना ते द्यायला हरकत नाही असे सांगितले. म्हणजे औषध अगदीच कुचकामी होते असे मी म्हणत नाही. पण एप्रिल 2021 मध्ये, ज्या पुराव्यावर तेव्हा निर्णय घ्यायचे होते त्या पुराव्यानुसार, कुपी हातात नाही म्हणून माणूस जाणार असे कुठेही सिद्ध झालेले नव्हते. केंद्राच्या स्वतःच्या उपचारपद्धतीतही ते ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णासाठी, आजाराच्या पहिल्या दहा दिवसांत, ‘विचार करता येईल’ अशा रकान्यात होते. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही त्याच महिन्यात जाहीर सांगितले होते की हा काही रामबाण उपाय नाही.

ते दिल्लीत बोलले, आणि इकडे पुण्यात चिठ्ठ्या निघतच राहिल्या.

त्याच आठवड्यांत राज्यात काय चालले होते, ते आठवा. 11 एप्रिलला निर्यातबंदी. मग किमती उतरवून साडेतीन हजारांच्या आत आणल्या. नवाब मलिक म्हणाले की महाराष्ट्राला औषध देऊ नका असे केंद्राने कंपन्यांना बजावले आहे. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस एका औषध कंपनीच्या संचालकासाठी रात्री पोलीस ठाण्यात पोचले. नगरचे तेव्हाचे खासदार सुजय विखे यांनी दिल्लीहून विमानाने कुप्या आणल्या, त्याचा व्हिडिओ घरोघरी फिरला आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेले. या सगळ्यात एका तरी नेत्याने, सत्तेतल्या किंवा विरोधातल्या, लोकांना मराठीत सांगितले का, की बाबांनो, हे इंजेक्शन मिळाले नाही म्हणून तुमचा माणूस जाईल असे नाही, जिवाचा आटापिटा करू नका? मी रोज तीन वर्तमानपत्रे घेतो, आपले त्यात एक. माझ्या वाचनात तरी असे काही आले नाही.

आमच्या मागच्या सोसायटीतला एक मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. वडील शहरातल्या एका खासगी रुग्णालयात. एका रात्री मी शटर अर्धे ओढले होते, तेव्हा तो वाकून आत आला. हातात प्लास्टिकचे पारदर्शक पाकीट, त्यात आधारची झेरॉक्स, आरटीपीसीआरचा रिपोर्ट आणि रुग्णालयाच्या शिक्क्याची चिठ्ठी: इंजेक्शन रेमडेसिविर 100 मिग्रॅ, नग दोन, तातडीने. सहा कुप्यांचा कोर्स असतो, पहिल्या दिवशी दोन आणि मग रोज एक. चार झाल्या होत्या. उरलेल्या दोनसाठी तो चिंचवड, हडपसर, कॅम्प पालथे घालून आला होता. पाकीट घामाने आतून धुरकटले होते आणि चिठ्ठीवरची शाई पसरायला लागली होती. ‘काका, फक्त दोनच हव्यात,’ म्हणाला.

मी त्याच्यासमोर स्टॉकिस्टला फोन लावला, तो बंद. मग त्याला स्टुलावर बसवले, पाणी दिले आणि जे वाचले होते ते सांगितले. चार मिळाल्यात, राहिलेल्या दोनवर काही अवलंबून नाही, तू आता वडिलांचा ऑक्सिजन किती आहे ते विचार, स्टेरॉइड चालू आहे का ते विचार, आणि घरी जाऊन दोन तास झोप. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘पण काका, ते डॉक्टर आहेत. त्यांनी लिहून दिलंय.’

यावर औषध दुकानदाराने काय बोलायचे? माझ्या भिंतीवर फार्मसीची पदविका आहे. शिक्क्याच्या कागदापुढे तिला कोण विचारतो?

वडील तिसऱ्या दिवशी गेले. वय साठीच्या आत, मधुमेह जुना, फुप्फुसे दोन्ही बाजूंनी भरलेली. त्या दोन कुप्यांनी काही बदलले असते असे मला आजही वाटत नाही. पण त्या घरात काय बसले ते पाहा. आई माझ्याकडे दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येते. सुरुवातीची दोन वर्षे तिच्या तोंडी एकच वाक्य होते: ‘दोन मिळाली असती तर ते आज असते.’ एकदा मुलगा शेजारी उभा असताना म्हणाली की पुतण्याने बघा, नागपूरहून मागवली, दीर वाचले. मुलगा काही बोलला नाही, पिशवी उचलून बाहेर गेला. त्यानंतर तो माझ्या दुकानात आलेला नाही. औषधे लागली तर ॲपवरून मागवतो, हे त्याच्या आईनेच सांगितले. एकदा मी तिला जागतिक आरोग्य संघटनेचा तो कागद काढून दाखवला, मराठीत समजावून सांगितले. तिने शांतपणे विचारले, ‘असं होतं, तर मग त्यांनी माझ्या पोराला पळवलं कशाला?’

संपादक महोदय, कालच्या पानभर चर्चेत हा प्रश्न कुठे आहे?

दाखल झालेल्या रुग्णाचे औषध रुग्णालयाने आणायचे असते. नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी देऊ नका, पुरवठा थेट रुग्णालयांना होईल, असे आदेश पुण्यातही निघाले. पण आदेश निघाल्यावरही चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर येत राहिल्या. कागदावर तारीख असते, शिक्का असतो, सही असते. ज्याला कारवाई करायची त्याच्यासाठी याहून सोपा पुरावा कोणता? राज्याचा तज्ज्ञ डॉक्टरांचा टास्क फोर्स होता, पुण्याचा वेगळा होता. विषाणूंवर संशोधन करणारी देशातली मुख्य संस्था याच शहरात आहे. ससूनमध्ये प्राध्यापकांची फौज आहे. एवढी विद्वत्ता असलेल्या शहरात पोरे मोटरसायकलवरून चाळीस चाळीस किलोमीटर फिरत होती, आणि त्यांच्या आया आज स्वतःच्या पोरांना दोष देतात. कुप्या कोणी किती दिल्या हे मोजून यातले काय सुटणार आहे?

ज्या औषधाने खरोखर जीव वाचतात हे सिद्ध झाले होते ते माझ्या फडताळात पडून होते. डेक्सामेथासोन, म्हणजे एक स्टेरॉइड. इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल जून 2020 मध्येच आला होता: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले सुमारे एक पंचमांशाने कमी. गोळ्यांची पट्टी काही रुपयांना. तिच्यासाठी कोणी रांग लावली नाही, कोणी विमान धाडले नाही. आणि जे करायला नको होते ते लोकांनी केले, ऑक्सिजनची गरज नसताना व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड वाचून घरीच स्टेरॉइड घेतले. त्याच चाचणीत अशा रुग्णांना काही फायदा दिसला नव्हता, आणि मधुमेह्यांची साखर त्याने भलतीच चढते. काळ्या बुरशीचे रुग्ण पुढे आले तेव्हा तिच्या औषधासाठी पुन्हा तशाच चिठ्ठ्या, तीच धावपळ. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातून काढून द्यायच्या प्लाझ्माचेही तेच. ऑक्टोबर 2020 मध्येच आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अभ्यासाने दाखवले होते की त्याने मृत्यू टळत नाहीत. उपचारपद्धतीतून तो निघाला मे 2021 मध्ये. मधल्या काळात आमच्या भागातला एकही ग्रुप असा नव्हता ज्यावर ‘बी पॉझिटिव्ह डोनर अर्जंट’ आले नाही.

तुटवड्यावरच भांडायचे असेल तर ऑक्सिजनवर भांडा. त्यावाचून माणूस खरेच जातो. 21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या महापालिकेच्या रुग्णालयात टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. टाक्यांची देखभाल आज कोण करते, दुसऱ्या लाटेनंतर ठिकठिकाणी उभारलेले प्रकल्प चालू आहेत की गंजताहेत, हे आपल्या प्रतिनिधीने जाऊन पाहावे. त्या दोन्ही प्रवक्त्यांना पुन्हा बोलावणार असाल तर हेच विचारा. आणि हेही विचारा की उद्या नवा आजार आला, एखाद्या औषधाची हवा झाली, तर ‘याने जीव वाचत नाहीत’ हे लोकांना कोणी सांगायचे, कोणत्या खुर्चीतून, आणि सांगूनही चिठ्ठी दिली तर रुग्णालयावर काय कारवाई. रेमडेसिविरअभावी शेकडो बळी गेले असे सरसकट छापताना आपणही थांबावे. ते वाक्य त्या बाई वाचतात. अंक त्यांच्याकडे येतो.

जाता जाता एक. टाळेबंदीत औषध दुकाने अत्यावश्यक सेवा म्हणून उघडी ठेवली, ती आम्ही उघडी ठेवली. ताप आलेला माणूस डॉक्टरच्या आधी आमच्या काउंटरवर खोकायचा. पण लसीकरण सुरू झाले तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या फ्रंटलाइन कर्मचाऱ्यांमध्ये आम्हाला धरले नाही. आमच्या संघटनेने मागणी केली, निवेदने दिली, उपयोग झाला नाही. मला लस मिळाली ती वयामुळे. दुकानातला माझा पोरगेला कामगार मे महिन्यात कोविन या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर स्लॉट शोधत बसला होता. त्यावर आपण तेव्हा एक ओळ छापली नाही, आणि आता आम्हाला साठेबाज म्हणता. खुलासा छापावा, चौकट जिथे होती त्याच पानावर.

जागेअभावी पत्र कापावे लागले तर हा शेवटचा परिच्छेद कापा. चिठ्ठीचा आणि डेक्सामेथासोनचा भाग कृपया तसाच राहू द्यावा.

आपला,
एक औषधविक्रेता
कोथरूड, पुणे